सुदाम, यातला तुझा आवाज कोणता?

सुदाम,

मंगलवहिनींनी मला एक काम सांगितलं आणि ते मला जमलं नाही. तुझं तेरावं झालं होतं. पाहुणे आपापल्या गावी परतले होते. वडूजच्या तुझ्या घरात बाहेरच्या सोप्यावर मी एकटा बसलो होतो. वहिनी आतून आल्या, पदर सावरून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, तुमच्याकडं त्यांची समदी गाणी हाईत न्हवं? त्यातला निस्ता त्यांचा आवाज काढून द्या मला. मोबाइलवर. दुसरं काय नको."

मी म्हणालो, "उद्या देतो."

मी असा शब्द देत नाही, हे तुला माहीत आहे. जमिनीची मोजणी करणारा माणूस मी. शेतकऱ्याने बांधावर उभं राहून कितीही गळ घातली तरी नकाशा बघितल्याशिवाय मी हो म्हणत नाही. त्या दिवशी म्हणालो, कारण मला खात्री होती. गाणी माझ्याकडे होती, नावं घालून क्रमाने लावलेली, दोन ठिकाणी जपून ठेवलेली. त्यातून बारा वर्षं माझ्या हातभर अंतरावर गाणाऱ्या माणसाचा आवाज शोधायचा, यात अवघड काय असणार?

साताऱ्याला घरी आलो, कानाला हेडफोन लावला आणि पहिलं गाणं सुरू केलं. तुझा सेलो आला, माझी गिटार आली, रूथचा लाकडी खोक्यावरचा ठेका आला. मग आपण तिघं आलो आणि मला कळेना की यातला तू कोण.

रूथचा आवाज वरचा, तो तरी कधीकधी धाग्यासारखा हाताला लागतो. खालचे दोन, तुझा आणि माझा, हे मला वेगळे करता येईनात. मी पुन्हा ऐकलं. दुसरं गाणं ऐकलं. बायकोला बोलावलं. अनघाने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "हा तुम्ही." थोड्या वेळाने म्हणाली, "नाही, हा सुदामभाऊंचा." मग हेडफोन काढून माझ्या हातात देत म्हणाली, "मला नका विचारू. पंचवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा आवाज ओळखता येत नाही, हे आजच कळलं."

हे तुझंच काम, सुदाम. तुझा नियमच होता तो. पहिल्या दिवशी सांगितला होतास.

तो दिवस मला नीट आठवतो. सैन्याच्या बँडमधून निवृत्त होऊन तू नुकताच गावी आला होतास. लोकांची मुलं सैन्यातून ट्रंका आणतात, तू सेलो आणलास. तुझ्या गल्लीतले एक म्हातारबा काठी टेकत आले, काळ्या पेटीतून निघालेलं ते धूड त्यांनी चारी बाजूंनी बघितलं आणि विचारलं, "मेजर, ह्यो सारंगीचा बाप म्हनायचा का काय?" तू म्हणालास, "आजा हाय, आबा. म्हणून बसून वाजवाय लागतोय." मी तुझ्या शेजारच्या वावराची मोजणी करायला आलो होतो. गाडीत माझी गिटार होती, कारण संध्याकाळी साताऱ्यात एका मित्राकडे जमायचं होतं. ती संध्याकाळ तुझ्याच माडीवर गेली. पुढच्या महिन्यात मिरजेहून रूथ आली. ती शाळेत गणित शिकवणारी, लहानपणापासून चर्चमध्ये तीन-चार सुरांत गाणारी. आपण तिघांच्या गटाचं नाव ठेवलं 'आडवा वारा', कारण तुझ्या माडीवर दुसरं काही नव्हतंच.

आणि तू म्हणालास, "आपल्यात म्होरं कुणी गाणार न्हाई आणि मागं कुणी गाणार न्हाई. ऐकणाऱ्याला आवाज वळखू आला, तर त्यो चुकला."

मला ते पटलं नव्हतं, तरी मीच ते पक्कं केलं. माडीच्या मधोमध एकच माइक टांगला. रूथचा आवाज टोकदार, म्हणून ती साडेतीन फुटांवर. माझा जाड, म्हणून मी तीन फुटांवर. तू बसून गाणारा, म्हणून तुझी खुर्ची अडीच फुटांवर. टेप लावून मी फरशीवर खडूच्या खुणा केल्या होत्या. कुणाचा पाय इंचभर सरकला तरी मी गाणं थांबवायचो. तू हसायचास. "गड्या, हितं काय सरकारी मोजणी हाय व्हय?" पण खुणेवरून तूही कधी हलला नाहीस. तीन आवाज एकमेकांत इतके मुरले की कार्यक्रमानंतर लोक येऊन विचारायचे, मधला तो चौथा कोण गातो? तू खूश व्हायचास. तुझं एकट्याचं कौतुक केलं की मात्र तोंड पाडायचास.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून होतं आणि ते मिटलेलं नाही. मी म्हणत होतो, सांगलीच्या स्टुडिओत जाऊ. तिघांना तीन माइक, तिघांच्या नोंदी वेगवेगळ्या. नंतर हवं तसं मिसळता येतं, चुकलं तर एकाचंच दुरुस्त करता येतं. शेवटचं बोलणं फोनवर झालं तेही यावरच.

तू म्हणालास, "तीन माणसं तीन खोल्यांत बसवायची आणि त्याला गाणं म्हनायचं? त्ये गाणं न्हाई, वाटणी हाय. तू मोजणीवाला, तुला समदीकडं हद्द लागती."

मी चिडून म्हणालो, "उद्या कुणाला एकट्याचा आवाज लागला तर?"

"कुणाला लागतोय?"

"पुढच्या रविवारी बोलू," असं म्हणून मी फोन ठेवला. तो रविवार आपल्या वाट्याला आला नाही. कुणाला लागतोय, याचं उत्तर आता माझ्याकडे आहे आणि सांगायला तू नाहीस.

तुला वाटेल, एवढ्या मोबाइलच्या दिवसांत माणसाचा आवाज कुठेच नाही, असं कसं? आम्हीही तेच म्हणालो. तुझ्या सोनालीने पुण्याहून सगळं धुंडाळलं. बोलून निरोप पाठवायची तुला सवयच नव्हती, दोन शब्द टाइप करायचास. 'निघालो.' 'पोचलो.' लग्नांच्या व्हिडिओंत तू दिसतोस, पण वर बँजो वाजतोय. तुझ्या घरच्या व्हिडिओंत तू नाहीसच, कारण ते तूच काढलेले. रंगमंचावरचं निवेदन मी करायचो. कोयनानगरच्या वसाहतीतला कार्यक्रम आठवतो? मधेच जमीन हलली. मी आणि रूथ माइक सोडून दाराकडे धावलो. समोरचे लोक जागचे उठले नाहीत, एक गृहस्थ तर म्हणाले, "बसा हो, हे नेहमीचंच आहे." तू गज थांबवलाच नव्हतास. नंतर म्हणालास, सेलोच्या जमिनीला टेकलेल्या अणीतून तुला आमच्या आधी कळलं होतं, पण सूर सोडवेना. त्याही कार्यक्रमाची नोंद मी तपासली. लोकांचं बोलणं आहे, आमच्या पावलांची धडधड आहे, तुझा सेलो आहे. तू बोललेला नाहीस.

शेवटी सांगलीला गेलो. स्टुडिओतल्या मुलीने संगणकावर गाणं चढवलं. सेलो वेगळा निघाला, गिटार वेगळी निघाली. गळे मात्र एकत्रच राहिले. ती म्हणाली, "काका, हे तिघं आहेत हे तुम्ही सांगताय म्हणून. मशीन याला एकच आवाज समजतंय."

तिथे तुला किती आनंद झाला असता! मी गाडीत येऊन बसलो आणि किल्ली लावायचं विसरलो.

जमत नाही, हे फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं, म्हणून लॅपटॉप घेऊन वडूजला गेलो. वहिनींना दाखवायचं ठरवलं की बघा, असं आहे. त्या ऐकत बसल्या. एक गाणं, दोन, तीन. 'पवनचक्क्या' लागलं. तुझ्या माडीवरून दिसणाऱ्या टेकडीवरच्या पवनचक्क्यांवर रूथने लिहिलेलं. "टेकडीवर कोण उभं, हात हलवतंय कुणाला," ही ओळ आली आणि वहिनींनी एकदम हात वर केला.

"ह्यो! ह्यो बगा, ह्यो त्यांचा!"

मी गाणं मागे घेऊन तीच ओळ पुन्हा लावली.

"ह्यो खालचा. भावजी, तुमी उगं म्हनत हुता वळखू येत न्हाई. मला येतोय की." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या हसतही होत्या. "ह्येच द्या मला. ह्येवढं बास हाय."

सुदाम, त्या गाण्यात तू गायलाच नव्हतास. आदल्या दिवशी तू दाढ काढून आला होतास. गाल सुजलेला, तोंडात कापूस. तू हातानेच खुणावलंस की तुम्ही दोघं गा, मी वाजवतो. रूथ आणि मी गायलो. वहिनींनी ओळखलेला खालचा आवाज माझा होता.

त्यांनी चहा आणला. मी प्यालो. गाणं त्यांच्या मोबाइलमध्ये घालून दिलं आणि उठलो. पुसेगावपर्यंत मी स्वतःशी वाद घालत होतो की आपण खोटं बोललो का? बोललो तर काहीच नव्हतो. पुसेगावच्या पुढे दुसरीच शंका आली: दाढ याच गाण्याच्या वेळी काढली होती ना? घरी जाऊन तारीख पाहिली, त्या दिवशीचा तुझा फोटोही पाहिला. गाल सुजलेला, शंकाच नाही. तरी गाणं लावलं की मलाच वाटायला लागलं, हा सुदाम असावा. स्वतःचा आवाज स्वतःला परका वाटणं म्हणजे काय, ते मला सांगता येत नाही. मुळात मी असा गायचो का? माझा आवाज जाड होता, दाणेदार होता. तुझ्याशेजारी बसून त्याचं हे काय झालं? बारा वर्षांत तू माझ्या गळ्यात किती उतरलास, हे कुठल्या टेपने मोजायचं?

काही दिवसांनी रूथचा फोन आला. सांगलीची मित्रमंडळी एका रविवारी तुझ्यासाठी जमणार आहेत, भाषणं नकोत, गाणी म्हणा, असं ठरलंय. वहिनी आणि सोनालीही येणार. रूथ म्हणाली, "'पवनचक्क्या'चं पहिलं कडवं तू एकट्याने म्हण. नुसत्या गिटारवर."

मी तिला सगळं सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कशाला सांगतोस तिला? तो आवाज त्यानेच घडवलाय. अर्धा त्याचाच समज."

"आवाजाचा अर्धा हिस्सा नसतो, रूथ."

"मग कडवं मी म्हणते. तिला कळणार नाही."

"आणि मग तिने ते कायम कानाला लावून बसायचं? माझा आवाज?"

"तू सांगितलंस तर तिच्याकडे काय उरतं, ते बघ एकदा," रूथ म्हणाली. तिचंही चूक नव्हतं. मी काय करायला हवं होतं, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. एवढंच कळत होतं की सगळ्यांसमोर मी तोंड उघडणार आणि पहिल्या ओळीला वहिनींना कळणार. ते तसं कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

गेलो. सकाळची वेळ. वहिनी सोप्यावर सूप घेऊन घेवडा निवडत होत्या. मी चप्पल काढल्या काढल्या सांगून टाकलं, नाहीतर पुन्हा चहा आला असता.

त्यांचा हात सुपात थांबला.

"म्हंजी इतकं दिस मी तुमचा आवाज ऐकतीया?"

"होय."

"उशाला घिऊन?"

"होय, वहिनी."

"आणि तुमाला ठावं हुतं."

"होय."

"आणि तुमी च्या पिऊन गेलासा."

त्यांनी घेवड्यातला एक खडा काढून अंगणात इतका जोरात भिरकावला की कोंबडी पळाली. मग मोबाइल माझ्यापुढे ठेवला. "लावा. आन मला सांगा, मग ह्ये कुठं हाईत ह्यात?"

"सेलो वाजवतोय."

"म्हंजी हितं बी गप." त्यांचा आवाज फुटला. "जल्मभर गप. समद्यांनी बोलायचं, ह्येंनी मान हलवायची. मेल्यावर तरी बोलतील म्हनलं, तर हितं बी तुमालाच म्होरं केलं."

मी गाणं लावलं. सुरुवातीला काही क्षण नुसती शांतता आहे, मग सेलो. वहिनींनी ते वाद्य कधी मनापासून ऐकलं नव्हतं. त्याला त्या रडगाणं म्हणायच्या, तुझ्या तोंडावर. आता मोबाइल कानाशी धरून ऐकत होत्या. कडवं संपलं, आणि पुढचं सुरू व्हायच्या आधी त्यांनी भुवया आवळल्या.

"थांबा. मागं घ्या. ह्ये काय?"

"कुठलं?"

"ह्येच की. सूंऽ करून."

मला थोडी लाज वाटली. "तो जरा खरखराट आलाय, वहिनी. गज उचलताना तो श्वास घ्यायचा, तो माइकमध्ये शिरायचा. तोंडात कापूस होता, म्हणून त्या दिवशी जास्तच आला. मी काढून टाकणार होतो, तो म्हणाला ऱ्हाऊ दे."

वहिनींनी पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. आणि त्यांना हसू फुटलं, सुदाम, इतकं की त्यांनी तोंडात पदर घातला.

"खरखराट न्हाई वो, नाक हाय त्यांचं! डावी नाकपुडी चोंदल्यालीच असायची. किती येळा म्हनलं, दाखवा दागदराला, तर ऐकतील तवा न्हवं. भावजी, सगळा संसार मी ह्या आवाजाला उशी फेकून मारलीया." हसता हसता त्या रडायला लागल्या. मला कळेना थांबावं की उठावं. "अगदी आसंच. झोप लागायच्या आधी आसंच. सूंऽ."

प्रत्येक कडव्याआधी तो होता. मी मागे-पुढे करून सगळे दाखवले. वहिनींना आता गाणं नको होतं, तेवढेच तुकडे हवे होते. सोनालीला फोन लावून ऐकवला. तिकडून ती किंचाळली, "आई, पप्पा!"

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. "त्ये तुमी काढून टाकनार हुता व्हय?"

"होय."

"मोजणीवालं," त्या म्हणाल्या. तुझ्याच तोंडचा शब्द. यात राग किती आणि माया किती, ते मला कळलं नाही.

आता मला सांग, आपल्या भांडणात कोण जिंकलं? माझं ऐकलं असतंस तर तुझा आवाज आज वहिनींच्या हातात असता, स्वच्छ, एकट्याचा. पण तुझ्या वेगळ्या माइकवरचा तो श्वास मी पहिल्या दिवशी पुसला असता आणि पुसल्याचं समाधानही मानलं असतं. वहिनींना दोन्हीपैकी काय जास्त मोलाचं, हे मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. मी दोन्ही बाजू मांडून बघतो. काही वेळ तू बरोबर वाटतोस, काही वेळ मी, आणि चिडतो मी दोन्ही वेळा तुझ्यावरच.

काल मिरजेला रूथकडे तालमीला गेलो. तू नसताना पहिल्यांदाच. तिला वहिनींचं सांगितलं. मग आम्ही 'पवनचक्क्या' धरलं. मी मनात चार मोजले आणि उचललं. रूथ मागे राहिली. पुन्हा मोजले. या वेळी ती आधी आली. असं आमचं कधी झालं नव्हतं.

मी म्हणालो, "मोजत का नाहीस? गणिताची बाई ना तू?"

"मी कधीच मोजलं नाही," ती म्हणाली. "मी त्याच्या श्वासावर उचलायचे."

"मी मोजतो."

"तू?" ती हसली. "सर्दी झाली की त्याचा श्वास लांबायचा आणि तूही बरोबर तेवढाच उशिरा यायचास. बारा वर्षं बघतेय मी."

मी वाद घातला नाही. घरी येऊन नोंदी तपासल्या. तिचं खरं आहे. एका गाण्यात तू श्वास जवळजवळ अर्धी मात्रा उशिरा घेतला आहेस आणि मी, मोजून गाणारा माणूस, तुझ्या पाठोपाठ अर्धी मात्रा उशिरा आलो आहे. मला त्याचा पत्ता नव्हता.

रविवार जवळ आलाय. आज पुन्हा रूथकडे गेलो होतो. ती म्हणाली, "आता तू श्वास घे, मी त्यावर येते." मी घेतला. ती म्हणाली, "ऐकू आलं नाही." पुन्हा घेतला. "नाही आलं. मोठ्याने घे की जरा, माणसाला कळेल असा." मी घेऊन बघितला तर खोकला आला. माइकसमोर आवाज न करता श्वास घ्यायचा, एवढं एकच मी मनापासून शिकलो होतो. दुसऱ्याला ऐकू जाईल असा कसा घेतात, सुदाम, ते मला येत नाही, आणि ते कुणाला विचारायचं, हेही कळत नाही.